फौजीणबाईंचा तारांकित प्रश्न

फौजीणबाई कुठल्याही सरकारी कचेरीत खुर्चीवर बसत नसत आणि कुठल्याही पुढाऱ्याच्या घरी चहा घेत नसत. समोर साधा लिपिक असो की आमदार, त्याने "बसा की, वहिनी" म्हटलं की त्या पदर खोचून आणखी ताठ उभ्या राहत. एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आपण बसलं की त्यास्नी वाटतं, हिला काय घाई न्हाई. आन् चा घेतला की आपल्याला वाटतं, काम झालं. बाहीर आल्याव ध्यानात येतं, नुसता चाच झालाय." त्यानंतरही पंचायत समितीत मी पुष्कळ चहा घेतला, पण प्रत्येक कपाबरोबर शाळेची एकेक मागणी माझ्या पोटात जिरते आहे, हे मला कळायला लागलं.

त्यांचं खरं नाव शाळेच्या दप्तरात होतं आणि तिथेच राहिलं. नवरा फौजेत हवालदार, म्हणून गावाने त्यांना फौजीण केलं. माहेर कडेगावकडचं, सासर आमच्या गावात. आमचं म्हणजे मी जिथे मुख्याध्यापक होतो ते गाव. ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे, एवढंच सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले आमदार अजून आमदार आहेत आणि मी अजून नोकरीत आहे.

लग्नानंतर बरीच वर्षं त्या नवऱ्याबरोबर पठाणकोट, सिकंदराबाद अशा ठिकाणी लष्कराच्या क्वार्टरात राहिलेल्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आमच्या भागातल्या रांगड्या बोलीच्या मध्येच छावणीचं हिंदी येई. उसाला पाणी पाजणाऱ्या गड्याला त्या "फालतू बात नको, आदी रिपोर्ट दे" म्हणत. आमच्या प्रार्थनेला मुलं वेडीवाकडी उभी राहिलेली दिसली की रस्त्यावरूनच "फॉलिन!" अशी हाक यायची आणि रांग सुतासारखी सरळ व्हायची. हे काम मी सरकारी पगार घेऊन करत होतो, पण माझ्याच्याने तशी रांग कधी झाली नाही. त्यांचे यजमान सुट्टीवर आले की ओसरीवर बसून शांतपणे तंबाखू मळत. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, तिकडं मी हवालदार. हितं मी रंगरूट."

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून फौजीणबाई गावी परतल्या. थोरली मुलगी हायस्कुलात गेली आणि धाकटीचं नाव त्यांनी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. गाव चकित झालं. आमच्या गावाचं जिल्हा परिषदेच्या शाळेवर अतोनात प्रेम होतं. शाळा टिकली पाहिजे असं प्रत्येकाला मनापासून वाटे. आपली पोरं तेवढी तिथे नसावीत, इतकंच. ज्यांची जरा बरी ऐपत होती त्यांची पोरं रोज सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून आमदारांच्या इंटरनॅशनल स्कूलला जात. त्या शाळेचा परदेशाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे फाटकावर रंगवलेला पृथ्वीचा गोल. आमदारांची स्वतःची नातवंडं मात्र त्या गोलावर विसंबून नव्हती. ती पाचगणीच्या वसतिगृहात शिकत होती.

शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद फौजीणबाईंकडे आलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. शिवाय बाईमाणसाला पद दिलं की नवरा काम बघतो, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. गावाने त्याच हिशेबाने त्यांचं नाव सुचवलं. पण नवरा होता सीमेवर. त्यामुळे बाईंना स्वतःच काम बघावं लागलं, आणि गावाचा अंदाज तिथेच चुकला.

काम म्हणजे छपराचं. आमच्या शाळेच्या तीन खोल्यांपैकी दोन खोल्यांची तुळई तडकली होती आणि पावसाळ्यात भिंतीतून ओल नव्हे, पाणीच येई. आम्ही प्रस्ताव पाठवला. अभियंता आला, त्याने तुळईकडे लांबूनच बघितलं आणि दोन्ही खोल्यांचं निर्लेखन झालं. निर्लेखन म्हणजे खोली कागदावरून पुसून टाकणं. ती जमिनीवरून पाडायला वेगळी परवानगी लागते आणि तिच्या जागी नवी बांधायला वेगळा निधी. पुसण्याचं काम सरकारने तत्परतेने केलं. पुढच्या दोन कामांना सवड झाली नाही. तेव्हापासून पहिली-दुसरीची मुलं उरलेल्या खोलीत आणि तिसरी-चौथीची मुलं मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात बसू लागली. लग्नसराईत मंडप कुणी ना कुणी आरक्षित केलेला असे. त्या दिवशी माझ्या मुलांना अभ्यासाला सुट्टी आणि जेवायला बुंदी मिळे. देवळात शिकल्याने मुलांवर चांगले संस्कार होतात, असं एका केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात लिहूनही ठेवलं आहे.

अशात एक दिवस तालुक्याच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली की कमी पटाच्या आणि खोल्या नसलेल्या शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करणार. शेजारचं गाव तसं लांब नव्हतं, पण मध्ये कारखान्याचा रस्ता होता. ज्याने हंगामात तो रस्ता पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, उसाने आभाळापर्यंत भरलेले ट्रॅक्टर, त्यावर कर्णे लावून वाजणारी गाणी, आणि मागून काय येतंय याची चालकाला खबर नाही. त्या रस्त्यावरून मोठी माणसंही जीव मुठीत धरून जातात. तिथून सहा-सात वर्षांची पोरं रोज चालत जाणार होती. मी ही बातमी समितीच्या बैठकीत सांगितली तेव्हा फौजीणबाई म्हणाल्या, "आमचं मालक बॉर्डरवर हाईत, पर त्या रस्त्यापरास तिथं बरं. तिथं दुश्मन कोण हाय त्ये तरी म्हाईत असतंय."

दिवाळीआधी त्या चार-पाच आयांना घेऊन आमदारांच्या जनता दरबारात गेल्या. मीही कागदपत्रं सांभाळायला गेलो. आमदारांना आमच्याकडे नानासाहेब म्हणत. ते त्या वेळी नक्की कोणत्या पक्षात होते हे त्यांच्या कार्यकर्त्यांना रोज सकाळी विचारून घ्यावं लागे. पण माणूस बोलायला गोड होता. "वहिनी, उभ्या का? बसा. चहा घ्या," ते म्हणाले.

"चा नको साहेब. शाळंच्या खोल्या पायजेत."

"खोल्यांचं बघू. पण तुमची मुलगी हुशार आहे म्हणे. अशी मुलगी देवळात बसून शिकते, मला बरं वाटत नाही. आपल्या स्कूलमध्ये घाला. बसचं, फीचं, काही बघू नका. आपल्या जवानाची मुलगी आहे."

एवढ्या माणसांत असा मान मिळाल्यावर कुणीही विरघळलं असतं. मी तर विरघळलोच होतो. फौजीणबाईंनी बरोबरच्या आयांकडे हात केला. "आन् हिच्या पोराचं? आन् हिच्या दोगींचं? सगळ्यास्नी घेत असाल तर उद्याच बस लावा आमच्या दारात."

नानासाहेब हसले. ते हसले की विषय संपला असं कार्यकर्ते समजत आणि पुढच्या माणसाला आत घेत. फौजीणबाईंना ही पद्धत ठाऊक नव्हती. त्या हलल्याच नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली, कुणाचा तरी सातबाऱ्याचा वाद होता, कुणाची बदली होती. पण बाई टेबलासमोरून बाजूला होईनात. शेवटी नानासाहेबांनी स्वीय सहायकाला सांगितलं, "ह्यांचा प्रश्न अधिवेशनात टाका. तारांकित टाका, म्हणजे मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतील." मग बाईंना म्हणाले, "आता तुमची शाळा थेट विधानसभेत गेली बघा, वहिनी."

"शाळा हितंच ऱ्हाऊ द्या साहेब," बाई म्हणाल्या. "प्रश्न तेवढा न्या."

ज्या दिवशी तो प्रश्न यादीत होता त्या दिवशी आपण नागपूरला हजर राहायचं, असं फौजीणबाईंनी ठरवलं. ऊसतोडीचे दिवस, घरात म्हातारी माणसं, जनावरांच्या धारा, तरी त्यांनी बायकांची एक बोगी भरेल एवढी जमवाजमव केली. कुणाच्या नवऱ्याने नाही म्हटलं तर त्या त्याच्या दारात जाऊन "रजा मंजूर करा" म्हणत आणि मंजूर होईपर्यंत दारातून हलत नसत. कराड स्टेशनवर भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गोधड्यांची गाठोडी घेऊन ती पलटण गाडीत चढली. मीही त्याच गाडीत होतो, पण त्यांच्या मोर्चासाठी नाही. सरकारी नोकराला असल्या मोर्चात जाता येत नाही. मी आमच्या शिक्षक संघटनेच्या जुन्या पेन्शनच्या मोर्चासाठी रीतसर किरकोळ रजा टाकून निघालो होतो. फौजीणबाई म्हणाल्या, "बरं हाय की. तुमच्या पेन्शनीला शाळा लागंलच. तवर आमी शाळा सांभाळतो."

नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत दोन गोष्टी भरपूर मिळतात, संत्री आणि मोर्चे. विधानभवनापासून चांगल्याच अंतरावर पोलिसांनी लोखंडी अडथळे लावलेले असतात. प्रत्येक मोर्चाने तिथवर यायचं, ओरडायचं, शिष्टमंडळाने आत जाऊन निवेदन द्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, अशी सगळी शिस्तशीर व्यवस्था असते. आमचा पेन्शनचा मोर्चा दणदणीत होता. टोप्या, झेंडे, ध्वनिक्षेपक, सगळं होतं. आमच्या मागण्यांचं पत्रक चांगलं लांबलचक होतं. त्यात वेतन होतं, पदोन्नती होती, प्रवासभत्ता होता. छप्पर नव्हतं. शेजारच्या अडथळ्यापाशी आमच्या गावच्या बायका गोधड्या अंथरून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

घोषणा द्यायला फौजीणबाईंचा विरोध होता. "हितं समदीच वरडत्यात," त्या म्हणाल्या. "आपण शाळा भरवू." आणि खरंच त्यांनी भर रस्त्यात बायकांच्या रांगा करून पाढे सुरू केले. बेचा पाढा झाला, पाचचा झाला. सगळ्या बायका एका सुरात म्हणत होत्या, ज्यांना येत नव्हतं त्या शेजारणीच्या तोंडाकडे बघून ओठ हलवत होत्या. तेराच्या पाढ्यात "तेरा सक अठ्ठ्याहत्तर" पर्यंत गाडी आली आणि थांबली. कुणालाच पुढचं आठवेना. अडथळ्यापलीकडे उभी असलेली पोलीस शिपाई बाई थोडा वेळ ताटकळली आणि मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "तेरा सत्ते एक्याण्णव!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या साहेबाने डोळे वटारले, पण ती म्हणाली, "सर, मी पण झेडपीचीच आहे." तोवर वाहिन्यांचे कॅमेरे आमची पेन्शन सोडून तिकडे पळाले होते.

कॅमेरे बायकांकडे वळले म्हटल्यावर आतून बोलावणं आलं. फौजीणबाई आणि आणखी दोघी एका अधिकाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्याने निवेदन घेतलं, घेतानाचा फोटो काढला, चहा मागवला. तो चहा तसाच निवला. नानासाहेबांनीही मोठ्या मनाने प्रेक्षक गॅलरीचे पास पाठवले. आत जाताना बायकांकडून मोबाईल, पिशवी आणि भाकरीसुद्धा काढून घेतली. मग त्यांना वरून विधानसभा दिसली. कुठल्या तरी प्रकरणावरून सभागृहात गदारोळ चालू होता. काही सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत उतरले होते, कागद फाडले जात होते, अध्यक्ष घंटी वाजवत होते. कामकाज तहकूब झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तहकूब झालं, आणि शेवटी दिवसभरासाठीच तहकूब झालं. आमचा प्रश्न यादीत खाली कुठेतरी होता. तिथपर्यंत कुणी पोहोचलंच नाही. बाहेर आल्यावर फौजीणबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या वर्गात एक दिस असं झालं तर तुमची बदली करतील. ह्यांची का करत न्हाईत वं?"

प्रश्न तोंडी झाला नसला तरी त्याचं लेखी उत्तर छापलेलं होतं. स्वीय सहायक ते घेऊन अडथळ्यापाशी आला. बायका भोवती जमल्या आणि फौजीणबाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. सदर शाळेतील वर्गखोल्या धोकादायक झाल्या आहेत, हे खरे आहे काय? उत्तर होतं, "हे खरे नाही." असल्यास, नवीन खोल्यांसाठी निधी देण्याबाबत कोणती कार्यवाही केली? उत्तर होतं, "प्रश्न उद्भवत नाही."

आपल्या वाचण्यात काही चुकलं असं वाटून मी पुन्हा वाचलं. उत्तर बदललं नाही.

स्वीय सहायक समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर आहे. त्या दोन खोल्यांचं निर्लेखन झालंय. म्हणजे त्या शाळेच्या नाहीत. राहिलेली खोली ठणठणीत आहे. मग धोकादायक खोली कुठली?"

"मग पोरं देवळात का बसत्यात?"

"ते प्रश्नात विचारलेलं नाही ना, वहिनी."

परतीच्या गाडीत बायका थकून झोपल्या. फौजीणबाई खिडकीशी बसून होत्या. उन्हं उतरली होती आणि बाहेर कापसाची रिकामी रानं मागे पळत होती. त्यांनी विचारलं, "गुरुजी, उद्भवत मंजी काय वं?"

"उद्भवणं म्हणजे उत्पन्न होणं. जन्माला येणं."

"आस्सं," त्या म्हणाल्या. "मंजी आमी एवढी पोरं जन्माला घातली, आन् त्यांचा प्रश्न तेवढा जन्माला यीना." मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चटकन म्हणाल्या, "इंजनाचा कोळसा गेला जनू डोळ्यात." गाडी विजेवर चालत होती.

जानेवारीत आमच्या शाळेला अचानक निधी मिळाला. खोलीसाठी नव्हे, शाळेच्या पटांगणात व्यायामाची साधनं बसवण्यासाठी. लोखंडाची ती रंगीत यंत्रं आली, पुरली गेली, आणि उद्घाटनाला नानासाहेब येणार असं ठरलं. शाळेचा कार्यक्रम म्हणून आसनव्यवस्था समितीकडे होती. फौजीणबाईंनी मांडववाल्याला बोलावलं आणि पाहुण्यांच्या खुर्च्या, सोफा, टेबल, फुलदाणी, माइक, सगळं त्या तडकलेल्या तुळईच्या खोलीत मांडून घेतलं. मी हादरलो. "वहिनी, हे भलतंच आहे. खाली कुणी बसलं आणि काही झालं तर?"

"कोण बी बसायचं न्हाई गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुमी निसतं बघा."

नानासाहेब आले. हलगी वाजली, औक्षण झालं. फौजीणबाईंनी हात जोडून दाराकडे वाट दाखवली. नानासाहेब उंबऱ्यापर्यंत गेले, वर बघितलं आणि थबकले. "इथं नको. बाहेर मोकळ्यात घेऊ."

"आत या की साहेब. सावली हाय."

"नको नको. ही खोली बरी नाही दिसत."

"कुठली खोली?" फौजीणबाईंनी निरागसपणे विचारलं. "हितं खोलीच न्हाई. तुमच्याच प्रश्नाला सरकारनं लिवून दिलंय. जी खोली न्हाईच, ती पडंल कशी?"

लोक हसायला लागले. पिवळ्या बसमधून पोरं पाठवणारेही हसत होते. नानासाहेबही हसले, पण या वेळी विषय संपला नाही. कारण फौजीणबाई सरळ आत गेल्या आणि तुळईच्या बरोबर खाली मांडलेल्या सोफ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आत कुणीच असणार नाही, असं मी त्यांच्या बोलण्यावरून समजलो होतो. त्यात त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं. वरून मातीची बारीक धार त्यांच्या खांद्यावर पडत होती. बाहेर त्यांची धाकटी मुलगी लेझीमच्या रांगेत होती. ती "आई, बाहीर ये!" म्हणून ओरडली आणि रडायलाच लागली.

नानासाहेब उंबऱ्यावरून ओरडले, "वहिनी, बाहेर या! अंगावर पडेल ती!"

फौजीणबाईंनी टेबलावरचा माइक उचलला, दारापर्यंत आल्या आणि तो नानासाहेबांच्या तोंडापुढे धरला. "काय म्हणालासा? पडंल व्हय? हितं बोला साहेब, मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

सगळ्यांचे मोबाईल वर झाले होते. नानासाहेब मुरलेले राजकारणी. त्यांनी क्षणभर माइककडे बघितलं आणि मग गहिवरल्या आवाजात भाषणच सुरू केलं. ही खोली धोकादायक आहे, असल्या खोलीत आपली लेकरं शिकतात याने आपल्याला रात्र-रात्र झोप येत नाही, आणि येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात निधी आणल्याशिवाय आपण फेटा बांधणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. फौजीणबाई मुलीला जवळ घेऊन तिची समजूत काढत होत्या.

मुंबईच्या अधिवेशनात निधी मंजूर झाला. दोन खोल्या मागितल्या होत्या. मंजुरी आली एका खोलीला आणि एका स्वागत कमानीला. कमानीला नानासाहेबांच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं. मी चिडलो. फौजीणबाई म्हणाल्या, "असू द्या. कमानीखालनं पोरांस्नी वाकून जावं लागत न्हाई तवर काय अडत न्हाई. दुसऱ्या खोलीचं फुडल्या अधिवेशनाला बघू." खोलीचं कंत्राट नानासाहेबांच्या भाच्याला मिळालं. भिंतींना पाणी मारायला त्याच्याकडे माणूस नव्हता, म्हणून उसाला पाजून आल्यावर बाई स्वतः पाइप ओढून भिंतींना पाणी मारत. यजमान सुट्टीवर आले तेव्हा त्यांना वाळूच्या ढिगाशी बसवलं. सिमेंटमध्ये किती पाट्या वाळू पडते यावर लक्ष ठेवायची त्यांची ड्युटी. भाचा मला म्हणाला, "गुरुजी, एवढा बंदोबस्त धरणाच्या कामाला बी नसतोय हो."

खोली उभी राहिली. कोनशिलेवर मंत्री होते, आमदार होते, सभापती होते, सरपंच होते, अगदी खाली भाचाही होता. फौजीणबाईंचं नाव नाही हे मी सरपंचांच्या कानावर घातलं. ते बाईंना म्हणाले, जागा आहे, टाकू या. "नगं," बाई म्हणाल्या. "कवा गळाय लागलं तर लोकं आदी पाटीच वाचत्यात."

विलीनीकरणाच्या यादीतून आमची शाळा गळाली. पट थोडा वाढलाही. पिवळ्या बसमधली काही पोरं परत आली. पण त्याच वर्षी बाईंची धाकटी चौथी पास झाली आणि शाळेतून गेली. समितीचा नियम असा की मूल शाळेत असेल तोवरच आई-बाप सभासद. बाईंनी त्या दिवशी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, रजिस्टरवर शेवटची सही केली आणि नवीन खोलीच्या छपराकडे बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. त्यांच्या जागी नानासाहेबांचा एक कार्यकर्ता अध्यक्ष झाला. पहिल्या बैठकीत त्याने सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या खोलीचा विषय निघाला नाही.

पुढे यजमान फौजेतून निवृत्त झाले आणि सांगलीला एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून लागले. शेत वाट्याने देऊन कुटुंब तिकडे गेलं. माझीही बदली झाली, कोरेगावच्या बाजूला, माझ्या स्वतःच्या गावाजवळ. निरोपाला मी सांगलीला त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो होतो. त्या घरात त्यांनी मला भरपूर जेवू घातलं, शाळेतल्या एकेका पोराची चौकशी केली आणि जिन्यापर्यंत पोहोचवायला आल्या. म्हणाल्या, "घर बरं हाय, पर सकाळी पोरांची प्रार्थना ऐकाय येत न्हाई. दिस सुरू झाल्यागत वाटत न्हाई." मला वाटलं, फौजीणबाईंचं सार्वजनिक आयुष्य इथे संपलं. बाईही आता इतरांसारख्या दुपारी मालिका बघतील.

गेल्या हिवाळ्यात मधल्या सुट्टीत आमच्या नव्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मला मोबाईलवर एक बातमी दाखवली. नागपूरला डोंगरातल्या कुठल्याशा वाडीच्या बायका शाळा वाचवायला गेल्या होत्या. गाव माझ्या ओळखीचं नव्हतं, बायकाही नव्हत्या. पण त्यांच्या मधोमध, एका नवख्या पोरीचा हात धरून तिला काहीतरी समजावत, फौजीणबाई होत्या.

मी लगेच फोन लावला. मागे घोषणांचा कल्लोळ होता. "वहिनी," मी ओरडून विचारलं, "तुमची थोरली कॉलेजात, धाकटी हायस्कुलात. त्या वाडीच्या शाळेत तुमचं कोण आहे?"

"कोण न्हाई की, गुरुजी."

"मग तिथं कशाला गेलात?"

"म्हणूनच आले," त्या म्हणाल्या. "आपलं पोरगं असलं की त्ये म्हंत्यात, तुमच्या पोराचं आमी बघतो. आन् मानूस गप बसतंय. आता मला काय दाखवून गप बसवत्यात, तुमीच सांगा."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी पोलिसी आवाजात शिष्टमंडळाची नावं पुकारायला लागलं.

"ठेवते, गुरुजी," फौजीणबाई म्हणाल्या. "आत बोलवाय लागल्यात."